पितळेचं टोपण कसं धरावं

लेथवर काम करणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात. "एवढं कठीण लोखंड कापलं कसं जातं हो?" कापलं जातं. त्यात विशेष काही नाही. टूल लोखंडाहून कठीण असतं, मोटार जोर लावते आणि लोखंड काकडीसारखं सोललं जातं. ते कापत असताना धरलं कसं होतं, हे मात्र आजवर मला कुणी विचारलेलं नाही. मी तळोज्याच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून एकतीस वर्षं काम केलं, निवृत्त झाल्यापासून पनवेलमध्ये घराच्या मागच्या खोलीत करते आहे, आणि एवढ्या सगळ्या काळातला निम्म्याहून अधिक वेळ माझा धरण्यातच गेला आहे. कापणं दोन मिनिटांचं असतं. धरायचं कसं, हे ठरवायला कधी कधी अर्धा दिवस लागतो, आणि त्या अर्ध्या दिवसात बघणाऱ्याला वाटतं बाई नुसती बसली आहे.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला खरं तर "पहिली महिला टर्नर" या विषयावर लिहायला सांगितलं होतं. तो विषय मी दोन वाक्यांत उरकते. पहिला महिनाभर बाजूच्या शेडमधली माणसं काहीबाही निमित्त काढून मला बघायला यायची. मग त्यांच्या लक्षात आलं की मीही त्यांच्यासारखीच काळ्या हातांनी डबा उघडते, आणि ती यायची बंद झाली.

धरण्याचा पहिला धडा मला आमचे फोरमन साळवीसाहेब यांनी दिला. मी नवीन होते. पत्र्याच्या एका छोट्या पट्टीला भोक पाडायचं होतं. वाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात, बांधायचा कंटाळा केला आणि पट्टी डाव्या हाताने दाबून धरून ड्रिल खाली घेतलं. ड्रिल आरपार जाताना पत्र्यात अडकतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं. अडकलं, आणि पट्टी पंख्याच्या पात्यासारखी फिरली. अंगठ्याच्या मुळाशी अजून वण आहे. साळवीसाहेब ओरडतील म्हणून मी रडायच्या तयारीत होते. त्यांनी स्वतः माझ्या हाताला पट्टी बांधली, मग तीच पत्र्याची पट्टी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "आता सांग, हिला कसं कसं धरता येईल?" मी विचार करून पाच प्रकार सांगितले. ते म्हणाले, "सहावा उद्या सांग." रात्रभर हात ठणकत होता आणि मी सहावा प्रकार शोधत होते. त्या माणसाने मला आयुष्यभर पुरेल असा नाद लावून दिला. ते आज असते, तर हा लेख त्यांना दाखवताना मला भीतीच वाटली असती, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते त्यांना आवडलं नसतं.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते. लेथ म्हणजे वस्तू गरगर फिरवत ठेवून तिला टूल लावायचं मशीन. त्यावर जी वस्तू घडवायची तिला आम्ही जॉब म्हणतो. जॉब ज्यात आवळतात तो चक. माझ्या चकाला तीन दात आहेत. किल्ली फिरवली की तिन्ही दात एकदम आत सरकतात आणि जॉबला मधोमध पकडतात. मनगटाएवढा जाड लोखंडी तुकडा असेल तर या पकडीसारखं सुख नाही. पण जॉब हरभऱ्याएवढा झाला, किंवा बांगडीसारखा पातळ असला, की हेच तीन दात वैरी होतात. सैल धरलं तर जॉब उडतो, घट्ट धरलं तर चेपतो. कारखान्यात याच्यावर उपाय असायचे. प्रत्येक मापाची गोल पकड स्टोअरमधून चिठ्ठी देऊन आणायची. घरात चिठ्ठी कुणाला देणार? घरी आहे एक जुना लहान लेथ, एक वाइस, आणि तांब्याच्या पट्ट्या, लाकडाचे ठोकळे, सायकलच्या ट्यूबचे तुकडे असा माल भरलेला बिस्किटांचा डबा. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, तुमच्या मशीनचा आवाज येतो. त्यांच्या मिक्सरपेक्षा तो कमी आहे, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

घरच्या कामाला येणारी गिऱ्हाइकं कारखान्यात कधी भेटली नसती. ओवे गावच्या एक आजी अडकित्ता घेऊन आल्या. त्याचा खिळा झिजून पाती हलत होती. नवा खिळा मी पाच मिनिटांत केला, पण दोन्ही पाती नेमक्या जागी जुळवून धरायची आणि तो ठोकायचा, हे काही वाइसमध्ये जमेना. अडकित्त्याला सरळ अशी बाजूच नसते. आजी थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुजा तो वाइस नको. आन इकरं." जमिनीवर बसल्या, अडकित्ता फरशीवर ठेवला, विळीवर ठेवतात तसा पाय त्याच्यावर ठेवला, आणि मला म्हणाल्या, "हान आता." मी हाणला. बसला. साळवीसाहेबांना सांगायचा सातवा प्रकार मला तेव्हा सापडला.

बाजारातले कासमभाई कुलपं दुरुस्त करतात. एका जुन्या पेटीच्या कुलपासाठी त्यांना तांदळाएवढी पितळेची पिन हवी होती. केली, टोकाला शेवटचा हात फिरवायला पुन्हा धरली आणि ती उडाली. आम्ही दोघं खोलीभर गुडघ्यांवर फिरत होतो. मी लोहचुंबक काढलं. कासमभाई फार अदबीचे, त्यामुळे पितळ लोहचुंबकाला लागत नाही याची आठवण करून द्यायला त्यांना जरा जड गेलं. शेवटी म्हणाले, "शैलाबाई, गुस्ताखी माफ, पण आधी मशीनखाली एक कापड अंथरत जा, मग मशीन चालू करत जा." तेव्हापासून माझ्या लेथखाली जुन्या साडीची झोळी बांधलेली असते. आजवर तिने कितीतरी जॉब झेलले आहेत.

आता मूळ गोष्टीकडे येते. गेल्या मे महिन्यातली आहे.

सोमवारी संध्याकाळी दारात एक पन्नाशीचा माणूस उभा राहिला. अंगात कंटेनर यार्डातलं फ्लुरोसंट जॅकेट, आणि छातीशी टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. नाव हसुराम, राहणार जासई. दिवसा यार्डात कंटेनर चढवण्या-उतरवण्याच्या कामावर आणि लग्नसराईत संध्याकाळी बँडमध्ये. टॉवेल सोडला तर आत ट्रम्पेट. पितळ जागोजाग काळवंडलेलं, पण जिथे बोटं आणि तळवा लागतो तिथे आरशासारखं.

ट्रम्पेटला तीन खटके असतात. खटका दाबला की आतला दट्ट्या खाली जातो आणि स्प्रिंग त्याला परत वर ढकलते. हसुरामच्या जुन्या ट्रम्पेटमध्ये ही स्प्रिंग तळाशी होती, आणि तिला आत ठेवायला प्रत्येक नळीच्या तळाला पितळेचं एक टोपण होतं, आट्यांवर फिरवून बसवायचं. मधल्या खटक्याचं टोपण नव्हतं. तिथे रबराचा तुकडा आणि भरपूर चिकटपट्टी होती.

"खाडीन परला, ताई," हसुराम म्हणाला. "तेल घालाला खोलला नि हातांशी सुटला. दुकानांन इचारला, ह्या मापाचा आता येत नाय."

मग त्याने बाकीचं सांगितलं. आदल्या आठवड्यात एका वरातीत ऐन रंगात चिकटपट्टी सुटली, स्प्रिंग उडून कुणाच्या तरी पायाशी पडली, आणि अर्ध्या गाण्यात सूर बंद. लोक हसले. बँडच्या मालकाने तिथेच सांगून टाकलं की शनिवारी गव्हाणला हळद आहे, तिथे बाजा नीट वाजला तर ठीक, नाहीतर यापुढे सगळी गाणी कीबोर्डवाल्या पोराकडे. हसुरामने मग बाजा घरी ठेवून द्यावा.

"बापाचा बाजा हाय," तो म्हणाला. "बाप बी ह्याच बँडमदी व्हता. मना यार्डान कोन वलखत नाय. पन ह्यो हातांन घेतला की उरणपावत वलखतात."

मी ट्रम्पेट ठेवून घेतलं आणि गुरुवारी या म्हणाले. काम काही फार अवघड नव्हतं. बाजूची दोन टोपणं शाबूत होती. त्यातलं एक नमुना म्हणून काढायचं, त्याचे आटे मोजायचे आणि तसंच नवं करायचं.

बुधवारी सकाळी मी पहिल्या खटक्याचं टोपण काढलं. मापं घेतली. तिथेच थांबायला हवं होतं. पण टोपणाच्या कडेला एक जुना पोचा दिसला. कधीतरी कुठेतरी आपटलेलं असणार. त्यामुळे काही बिघडत नव्हतं, हसुरामने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मला मात्र तो पोचा बघवेना. नवीन टोपण चकचकीत आणि शेजारचं पोचकं, हे माझ्या नावाला शोभणार नाही असं वाटलं. एकतीस वर्षांचा तोरा म्हणतात तो हा. म्हटलं, हातासरशी याचीही कड साफ करून देऊ.

टोपण चकात धरलं. टूल लावताच ते सरकलं. म्हणून किल्ली आणखी जराशी फिरवली. त्या जराशीसाठी मी पुढचे तीन दिवस स्वतःला शिव्या देत होते. कड सुरेख निघाली. काढून माप घ्यायचा व्हर्नियर लावला, तीन-चार बाजूंनी फिरवून बघितलं, माप सगळीकडे सारखं. खूश होऊन टोपण ट्रम्पेटला लावायला गेले, तर ते आट्यांवर बसेना.

वाटलं, कचरा असेल. पुसलं, तेलाचा थेंब सोडला, रबराच्या तुकड्यात धरून जोर लावला. अर्धा फेरा गेलं आणि अडकलं. उलटं फिरवून काढलं, तर सोबत केसासारखी एक पितळेची बारीक वेटोळी बाहेर आली. ती टोपणाची नव्हती. ट्रम्पेटच्या नळीवरचा पहिला आटा मी खरवडून काढला होता.

मी स्टुलावर बसले. सोमवारी त्या माणसाचं एक टोपण नव्हतं. आता दोन नव्हती, आणि वर बापाच्या बाजाला जखम झाली होती.

आमच्या यांनी बँकेत आयुष्य काढलं. त्यांनी दारातून माझा चेहरा बघितला, सगळं ऐकून घेतलं आणि काळजीनेच म्हणाले, "अगं, जुनंच आहे ना ते? आटे आधीच झिजलेले होते म्हणून सांग. त्याला काय कळणार आहे?" खोटं कशाला बोलू, मला तो विचार एक क्षण पटला. त्याला खरंच कळलं नसतं. पितळ जुनं होतंच. आतून चहा आला तो तसाच राहिला.

गुरुवारी सकाळी मी ते बिघडलेलं टोपण पदराच्या गाठीत बांधून नानांकडे गेले. नाना म्हणजे आमच्याच आळीतले जुने सोनार. दुकान मुलगा बघतो, नाना पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करतात. डोळ्यांनी कमी दिसतं, पण बोटांना सगळं कळतं. त्यांनी टोपण अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून दोनदा फिरवलं.

"गोल नाही हे."

"नाना, व्हर्नियरने बघितलंय. सगळीकडे सारखं माप आहे."

नानांनी आतून अंगठ्या गोल करायची निमुळती सळई मागवली आणि टोपण तिच्यावर सरकवून माझ्या डोळ्यांसमोर उजेडात धरलं. तीन ठिकाणी सळई टेकत होती आणि तीन ठिकाणी मधून उजेड दिसत होता. माझ्या चकाच्या तीन दातांनी त्याला तीन बाजूंनी चेपलं होतं, आणि मधल्या तीन जागा बाहेर फुगल्या होत्या. व्हर्नियर समोरासमोरचं अंतर मोजतो. एका बाजूला खड्डा असेल तर समोर नेमका फुगवटा, त्यामुळे माप कुठूनही घ्या, सारखंच येणार. हे मला माहीत नव्हतं असं नाही. नव्या मुलांना मी स्वतः फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं आहे.

"शैला, तू याला चोर पकडावा तसं पकडलंस गं," नाना म्हणाले. "एवढ्या पातळ वस्तूला आवळतात का?"

"मग धरायचं कसं? सरकतं ते."

"धरायचं नाहीच. बसवायचं."

त्यांनी मुलाला हाक मारून लाखेची कांडी आणायला सांगितली. लाकडाची वीतभर मूठ, आणि तिच्या टोकाला लाखेचा गोळा. नक्षीकाम करताना, खडे बसवताना सोनार दागिना हातात किंवा चिमट्यात धरत नाहीत. लाख ऊन करतात, मऊ झाली की दागिना तिच्यात हलकेच टेकवतात, गार होऊ देतात. मग तो दागिना सगळ्या अंगाने धरलेला असतो, आणि कुठेच दाबलेला नसतो. काम झालं की पुन्हा ऊन करायचं, सुटतो. अंगाला चिकटलेली लाख स्पिरिटमध्ये निघून जाते. लहानपणापासून मी त्या दुकानावरून शाळेत जात होते, नानांच्या हातात ती कांडी शंभरदा बघितली होती. आपल्या कामाशी तिचा काही संबंध असेल असं कधी डोक्यात आलं नाही. सोनाराचं काम नाजूक आणि आमचं दणकट, असं मनात धरून बसले होते.

नानांनी लाखेचा मुठीएवढा खडा कागदात बांधून दिला. "फिरत्या मशीनवर टिकेल का ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "हलक्या हाताने घे. लाखेला ताप चढला की ती सोडून देते."

संध्याकाळी हसुराम यार्डातून थेट आला. मी त्याला बसायला सांगितलं आणि सगळं जसं घडलं तसं सांगितलं. पोचा बघवला नाही, विचारलं नाही, आवळलं, मग वर जोर लावला. नळीवरचा खरवडलेला आटाही दाखवला. "जुनं असल्यामुळे झालेलं नाही, माझ्यामुळे झालंय," हेसुद्धा बोलले, कारण आमचे हे दारातच उभे होते आणि मला ते त्यांच्यासमोर बोलायचं होतं.

हसुरामने ट्रम्पेट उलटं करून त्या नळीवरून नखाने हलकेच चाचपलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते. रागावला असता तर बरं झालं असतं.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "आमी कंटेनरवर कंटेनर ठेवतो. चार कोपऱ्यांना चार कुलपा. तीन बसली नि एक नाय बसला, तर आमी बसलेली तीन मोजीत नाय. सगला परत उचलतो, परत ठेवतो. तुमी बी परत उचला. उद्या सांजचे येतो."

एवढंच. आणि ट्रम्पेट तिथेच ठेवून गेला.

शुक्रवार मी कधी विसरणार नाही. आधी दोन नवी टोपणं. पितळेच्या सळईवरच आतली पोकळी केली, आटे पाडले आणि शेवटी तुकडा कापून वेगळा केला. इथवर ठीक. पण कापलेली तळाची बाजू अजून ओबडधोबड होती, आणि तिच्यावर काम करायचं तर तीच पातळ कड पुन्हा पकडायची. चकात मी जाड पितळेची एक चकती धरली, तिचं तोंड सपाट केलं, गॅसच्या ज्योतीवर ऊन केली, लाख लावली आणि टोपण त्यात उपडं बसवलं. लाख मऊ असताना चक हाताने फिरवत काडीने टोपणाला टोचत टोचत मधोमध आणलं. मग हात मागे घेऊन ती गार होईपर्यंत वाट बघितली. काहीही आवळलेलं नाही आणि मशीन चालू करायचं, हे इतक्या वर्षांच्या सवयीविरुद्ध होतं. बटण दाबताना मी बाजूला सरकले होते.

टोपण जागचं हललं नाही. कागदापेक्षा पातळ काप घेत गेले. मध्येच लालूच झाली, जाड काप घेतला, लाख तापली आणि टोपण साडीच्या झोळीत जाऊन पडलं. पुन्हा ऊन केलं, पुन्हा बसवलं. दुपारी दोनपर्यंत दोन्ही टोपणं तयार झाली. नानांच्या सळईवर, ती मी मागूनच आणली होती, दोन्हींतून कुठूनही उजेड आला नाही.

आता नळीचा आटा. ट्रम्पेट काही लेथवर चढवता येत नाही. पहिला आटा मोडलेला असल्याने तोंडाकडून टोपण लावायला गेलं की ते वाकडंच शिरणार. आतले आटे मात्र चांगले होते. मला साळवीसाहेबांची एक जुनी युक्ती आठवली. पोलादाची एक रिंग केली, आतून त्याच मापाचे आटे पाडले आणि करवतीने तिचे दोन अर्धे तुकडे केले. हे दोन अर्धे तुकडे मोडक्या आट्याला ओलांडून सरळ आतल्या चांगल्या आट्यांवर दोन बाजूंनी बसवायचे, एकत्र धरायचे आणि बाहेरच्या दिशेने उलटे फिरवायचे. चांगल्या आट्यांच्या वाटेने येत येत ते मोडक्या आट्यालाही सरळ करत बाहेर पडतात. पण नखाएवढ्या त्या अर्ध्या तुकड्यांच्या करवतीने फाटलेल्या कडा आधी साफ करायला हव्या होत्या, नाहीतर त्यांनीच आणखी ओरखडे काढले असते. ते वाइसमध्ये मावेनात, बोटांत ठरेनात. मग झाडूच्या दांड्याचा तुकडा घेतला, टोकाला लाख लावली, आणि सोनाराच्या सुनेसारखी पायरीवर बसून बारीक कानशीने एकेक कड घासली.

रिंग फिरवताना आमच्या यांनी ट्रम्पेट धरलं. मांडीवर उशी, उशीवर ट्रम्पेट, आणि दोन्ही हात बाळाला धरावं तसे. मी फिरवत होते आणि बोटांना लागत होतं, आता चांगला आटा, आता चांगला, आता जरा खरखर, आणि मग रिंग सुटून हातात आली. नवं टोपण टेकवलं. दोन बोटांनी, जोर न लावता, ते फिरत फिरत शेवटपर्यंत गेलं. यांनी उशीवरूनच विचारलं, "झालं?" मी मान हलवली.

संध्याकाळी हसुरामने तिथेच खोलीत उभं राहून तीन सूर काढले. लेथवरचा पितळेचा चुरा थरथरला. वरच्या वहिनी गॅलरीत आल्या, पण काही बोलल्या नाहीत. "उद्या गव्हाणला या," तो म्हणाला. "दोगं बी या. मटान हाय."

गव्हाणच्या हळदीला आम्ही गेलो. मांडवात मी बायकांमध्ये बसले. कुणीतरी माझ्याही गालांना हळद फासली. बँड सुरू झाला. कीबोर्डवाला पोरगा तयार होता, मालक हाताची घडी घालून बाजूला उभा होता. हसुरामने ट्रम्पेट उचललं. त्याने काय वाजवलं ते मला विचारू नका. सगळा मांडव नाचत होता, म्हाताऱ्या बायका पदर खोचून उठल्या होत्या, आणि मी एकटी मधल्या खटक्याकडे बघत होते. खाली गेला, वर आला. खाली गेला, वर आला. शेजारच्या बाईने विचारलं, "कसा वाजवतो?" मी म्हणाले, "वर येतोय." तिने माझ्याकडे जरा बघितलं आणि पुन्हा टाळ्या वाजवायला लागली. तिसऱ्या गाण्याला मालकाने हाताची घडी सोडली. पाचव्याला त्याने कीबोर्डवाल्या पोराला खूण करून जेवायला पाठवलं.

त्या मांडवात बसून मला एवढं भरून आलं की हळदीच्या गालांवर ओघळ आले असतील. इतकी वर्षं मी समजत होते की हे कौशल्य माझं आहे. त्यातलं किती साळवीसाहेबांचं, किती नानांचं, किती ओव्याच्या आजींच्या पायाचं. आणि चूक कबूल केल्यावर परत उचला म्हणणारा माणूस मला साठीनंतर भेटला, हे माझं नशीब.

बँड थांबला तेव्हा पंगत बसली होती. हसुराम घामाने निथळत गर्दीतून वाट काढत आमच्यापर्यंत आला. माझ्या पुढ्यात नुकतंच ताट आलं होतं. त्याने ट्रम्पेट टॉवेलने पुसलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "धरा ताई जरा, तोंड धून आयलो," म्हणाला आणि गेला.

मला मघाशी प्रश्न विचारणारी शेजारची बाई त्याची बायको निघाली. ती ट्रम्पेटकडे बघत होती आणि मग माझ्याकडे.

"मना बी हात लावू देत नाय त्याला," ती म्हणाली. "लगीन झाल्याला पंचवीस वर्सा झाली."

वाढपी दोनदा येऊन गेला. भात गार झाला, रस्सा गार झाला. मी दोन्ही हात ट्रम्पेटवर ठेवून बसून राहिले, तो येईपर्यंत.